कोरड्या नदीकाठची टोळी

आफ्रिका खंडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, अटलांटिक महासागराला लागून, नामिब नावाचे एक लांबच लांब वाळवंट पसरलेले आहे. नामिब हा शब्द तेथील नामा लोकांच्या भाषेतील असून त्याचा अर्थ 'विस्तीर्ण प्रदेश' असा सांगतात. पुण्यास वर्षाकाठी सत्तर सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही वैशाख लागला की पुणेकरांना पाण्याची चिंता वाटू लागते. नामिबच्या मध्यभागात वर्षाला सरासरी दोन-अडीच सेंटिमीटर एवढाच पाऊस पडतो, आणि तोही दर वर्षी पडेलच असा भरवसा नाही. इतक्या जवळ समुद्र असून पाऊस का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. या किनाऱ्याजवळून बेंग्वेला नावाचा थंड पाण्याचा सागरी प्रवाह वाहतो. थंड पाण्यावरील हवा वर चढत नाही. त्यामुळे पावसाचे ढग तयार न होता नुसते धुके तयार होते. हे धुके पहाटे वाळवंटात पन्नास-साठ किलोमीटर आत शिरते आणि त्याच्या थेंबांवर कित्येक किडे आपली तहान भागवितात. सूर्य वर आला की धुके विरून जाते आणि वाळू तापू लागते.

या वाळवंटातून क्वीसेब नावाची नदी जाते. नदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वाहते पाणी, घाट आणि नावा उभ्या राहतात. क्वीसेबच्या पात्रात वर्षातील बहुतेक सर्व दिवस केवळ वाळू असते. पूर्वेकडे विंडहूक शहराच्या बाजूला उंच पठार आहे. त्या पठारावर चांगला पाऊस झाला, तर पुराचा एखादा लोंढा वाळवंटात उतरतो. काही दिवस, फार तर काही आठवडे नदी वाहते आणि पुन्हा कोरडी पडते. समुद्रापर्यंत तिचे पाणी क्वचितच पोहोचते. नदीच्या दक्षिणेला तांबूस वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत, तर उत्तरेला दगडगोट्यांचे उजाड मैदान आहे. या दोहोंच्या मधून मात्र झाडांची एक हिरवी रेघ गेलेली दिसते. वाळूखाली खोलवर पाणी मुरलेले असते आणि तेथवर ज्यांची मुळे पोहोचतात, अशी झाडे काठावर तग धरून आहेत. त्यांत बाभळीच्या कुळातील मोठे वृक्ष आहेत, आपल्या उंबराचा भाऊबंद असा रानअंजिराचा वृक्ष आहे, आणि ज्याच्या काड्यांची दातवणे करतात तो पिलूही आहे.

या हिरव्या रेघेच्या आधाराने तेथे बबून माकडांच्या टोळ्या राहतात.

बबून हे माकडांमधील आडदांड जनावर होय. त्याचे तोंड कुत्र्यासारखे लांब असते, सुळे मोठे असतात, आणि तो झाडांपेक्षा जमिनीवर अधिक वावरतो. नामिबमधील बबून 'चाक्मा' जातीचे आहेत. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीस किलोग्रॅमच्या घरात जाते. मादी त्याच्या निम्म्याने असते. नवलाची गोष्ट अशी, की याच जातीचे बबून शेजारच्या बोट्सवाना देशात ओकावांगो नदीच्या दलदलीतही राहतात. तेथे त्यांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना गुडघाभर पाण्यातून चालावे लागते. विल्यम हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह या दोन्ही ठिकाणच्या टोळ्यांचा अभ्यास करून १९७६ साली त्याची तुलना प्रसिद्ध केली. एकाच जातीच्या एका टोळीला पाणी ओलांडावे लागते आणि दुसरीला ते शोधावे लागते.

क्वीसेबच्या बबुनांना निसर्गाने वाळवंटासाठी काही निराळे शरीर दिले आहे काय? तसे म्हणता येत नाही. माणूस, वानर, चिंपांझी, बबून, मादागास्कर बेटावरील लेमूर या सर्वांना शास्त्रज्ञ नरवानर गणात घालतात. या गणातील बहुतेक प्राणी उष्ण प्रदेशातील दाट अरण्यांत राहतात. तेथे पाऊस भरपूर, पाने ओली, झाडांच्या ढोलींत पाणी साचलेले असते. वाळवंटातील काही उंदीर जन्मभर पाणी न पिता जगू शकतात, कारण त्यांची मूत्रपिंडे शरीरातील पाणी फार काटकसरीने वापरतात. बबुनाची मूत्रपिंडे अशी नाहीत. त्याला रोज पाणी मिळाले, तर तो रोज पितो. तेव्हा पाणी नसलेल्या दिवसांत तो कसा जगतो, हे त्याच्या वागण्यातच शोधावे लागते.

त्याचे पहिले उत्तर त्याच्या आहारात सापडते. पाणी केवळ पाणवठ्यावरच असते असे नाही. ते पानांत, फळांत, कोंबांत आणि कंदांतही असते. पिकलेल्या ताज्या अंजिराचे वजन केले, तर त्यातील सुमारे चार पंचमांश भाग पाणीच भरतो. उलट वाळलेल्या धान्यात शंभरात जेमतेम दहा-बारा भाग पाणी असते. क्वीसेबच्या काठी रानअंजिरे पिकली, म्हणजे बबुनांना अन्न आणि पाणी एकाच फळात मिळते. येथील एका टोळीने सलग ११६ दिवस पाणी प्यायल्यावाचून काढले, अशी नोंद आहे. या काळात त्यांची सारी भिस्त रसदार अन्नावर, विशेषतः रानअंजिरांवर होती.

आपल्याकडील काळतोंड्या वानरांतही हा गुण थोडाफार आढळतो. वानर प्रामुख्याने पाला खातो. कोवळ्या पाल्यात पाण्याचा अंश पुष्कळ असल्यामुळे पाणवठ्यापासून दूरच्या जंगलातही वानरांच्या टोळ्या दिवसेंदिवस निभावून नेतात. चैत्रानंतर मात्र पानगळीच्या जंगलात ओला पाला मिळेनासा होतो आणि हुप्प्याला आपली टोळी घेऊन पाणवठ्यावर यावेच लागते. विदर्भातील जंगलांत वनखाते उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे भरून ठेवते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अशा पाणवठ्यांजवळ मचाणे बांधून प्राण्यांची मोजदाद करतात. त्या दिवसांत आसपासच्या प्राण्यांना पाण्यावर येण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून ती वेळ निवडलेली असते.

क्वीसेबच्या टोळीला असा कोणी कैवारी नाही. ११६ दिवसांचा तो आकडा वाचून आपणांस बबुनांचे कौतुक वाटते आणि ते योग्यच आहे; परंतु हे दिवस त्यांनी सुखाने काढले, असे कोणी समजू नये. अंजिरे वर्षभर पिकत नाहीत. ती संपली, म्हणजे कोरड्या शेंगा, बिया आणि साली यांवर दिवस काढावे लागतात. अशा वेळी पाण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

कॉनरॅड ब्रेन नावाच्या संशोधकाने येथील एका टोळीचे अनेक वर्षे निरीक्षण केले. टोळी सकाळी निघाली की तोही तिच्या मागे निघे, आणि कोण काय खातो, कोण केव्हा विसावतो, हे टिपून ठेवी. त्याला असे दिसून आले, की पाणी न मिळाल्याचे दिवस जसजसे वाढत जातात, तसतशी टोळीची हालचाल मंदावते. एरवी माकडे एकमेकांच्या अंगावरील केस विंचरीत, गोचिडी वेचीत तासन् तास बसतात. पोरे एकमेकांच्या पाठीवर उड्या मारतात. तहानलेल्या टोळीत हे खेळ बंद पडतात. दुपारी सारी टोळी झाडांच्या सावलीत गार वाळूवर अंग टाकून पडून राहते.

या निजून राहण्यात मोठे शहाणपण आहे. उन्हात चालले तर अंग तापते. तापलेले अंग थंड करण्यासाठी घाम यावा लागतो किंवा धाप टाकावी लागते, आणि दोन्हींत पाणी खर्च होते. म्हणून पाणी वाचवायचे असेल, तर स्वस्थ पडणे बरे. पण पडून राहिले तर खाणार काय? आणि खाल्ले नाही, तर अन्नातून मिळणारे थोडेसे पाणीही जाते. दूरच्या झाडाला चार ओल्या शेंगा असतील. त्या आणण्यासाठी उन्हातून जावे, तर शेंगांत मिळणाऱ्या पाण्याहून अधिक पाणी वाटेतच खर्च होईल. हा हिशेब टोळीला रोज नव्याने घालावा लागतो. संसाराचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या माणसाचीही कधी कधी चूक होते. येथे तर चुकीला क्षमा नाही.

ब्रेन आणि डंकन मिचेल यांनी या बबुनांविषयी आणखी एक गोष्ट १९९९ साली प्रसिद्ध केली. त्यांनी काही बबुनांच्या शरीरात अगदी लहान रेडिओयंत्रे बसविली होती. त्यांच्या साहाय्याने, जनावराला पुन्हा हात न लावता, दूरवरून त्याच्या शरीराची उष्णता मोजता येत असे. माणसाच्या शरीराची उष्णता साधारणपणे ३७ अंशांवर स्थिर असते. ती दोन अंशांनी वाढली, तरी आपण त्याला ताप म्हणतो आणि अंथरुणावर पडतो. पाणी न मिळालेल्या बबुनांचे शरीर मात्र दिवसा कित्येक अंशांनी तापत असे. मग कधी पाणी मिळाले आणि ते पोटभर प्यायले, म्हणजे थोड्याच वेळात ती उष्णता झरझर खाली येई.

उंटाविषयी ही गोष्ट पूर्वीच ठाऊक झालेली होती. तहानलेला उंट दुपारी आपले अंग तापू देतो आणि रात्रीच्या थंडीत ती उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे घामावाटे जाणारे पाणी वाचते. उंटाला हे साधते, कारण त्याचा देह मोठा असतो आणि त्याची सारी घडणच त्यासाठी झालेली असते. बबुनाचे अंग तापते ते मात्र नाइलाजाने. त्याचा देह लहान, त्यामुळे तो लवकर तापतो.

सर्वांत लहान देह पिल्लांचा. आईला पाणी नाही म्हणजे दूध नाही, आणि दूध नाही म्हणजे पिल्लाला अन्नही नाही व पाणीही नाही. त्यात भर गोचिडींची. क्वीसेबच्या काठी सावली थोडी. जनावरे त्याच त्या झाडांखाली पुन्हा पुन्हा विसावतात, आणि गोचिडींनाही ती जागा मानवते. मोठ्या बबुनांच्या अंगावरच्या गोचिडी इतर माकडे वेचून काढतात. पण लहान पिल्लांच्या तोंडाभोवती गोचिडी चिकटल्या, तर त्यांना आईचे दूध ओढता येत नाही. काही पिल्ले अशा रीतीने उपाशी राहून मेल्याचे ब्रेनने नोंदविले आहे. एखादी आई मेलेले पिल्लू दिवसभर हाताने छातीशी धरून टोळीच्या मागोमाग चालत राहते. हे दृश्य बबुनांमध्ये अनेक ठिकाणी पाहावयास मिळते.

क्वीसेबच्या टोळीला पाणी नाहीच, म्हणून तिला सहन करावे लागते. जेथे पाणी आहे, पण दूर आणि थोडे आहे, तेथे दुसऱ्याच प्रकारचे कौशल्य लागते. त्याचे उदाहरण पाहण्यासाठी आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडील इथिओपिया देशात जावे लागेल.

तेथील अर्धवाळवंटी मुलुखात हमाद्रियास नावाचे बबून राहतात. यांच्या नरांच्या खांद्यांवर रुपेरी केसांची आयाळ असते. प्राचीन इजिप्तचे लोक या बबुनांना पवित्र मानीत आणि त्यांच्या मूर्ती घडवीत. हान्स कुमर हा स्विस शास्त्रज्ञ १९६० साली इथिओपियात गेला आणि या प्राण्यांच्या मागे उन्हातान्हातून हिंडला. त्या मुलुखात मोठी झाडे थोडी असल्यामुळे हमाद्रियास रात्री उंच कड्यांवर निजतात. एकेका कड्यावर शंभरांहून अधिक बबून जमतात. सकाळी मात्र इतक्या मोठ्या जमावाला एकत्र चरता येत नाही, कारण एका झुडपावर सर्वांना पुरेल एवढे अन्नच नसते. म्हणून ते लहान लहान गटांत विखुरतात. दुपारी पाण्यावर मात्र सर्वांना एकत्र यावयाचे असते, आणि पाणवठे तर निरनिराळ्या दिशांना अनेक. मग कोणत्या पाणवठ्यावर जमावयाचे, हे ठरते कसे?

कुमर आणि त्याचे सहकारी यांनी पुढे अनेक वर्षे पाहून त्याचा उलगडा केला. सकाळी कड्यावर कोवळे ऊन पडले, म्हणजे बबून तेथेच रेंगाळत बसतात. मग एखादा वयस्क नर उठतो, एका दिशेला काही पावले जातो आणि तिकडे तोंड करून बसतो. त्याच्या माद्या त्याच्यामागे जाऊन बसतात. जमावाची एक बाजू त्या दिशेला किंचित पुढे आलेली दिसते. इतक्यात दुसऱ्या बाजूने दुसरा नर तसेच करतो. काही जण त्याच्याकडे सरकतात. पहिल्यामागे कोणी गेले नाही, तर तो परत फिरतो. असे बराच वेळ चालते. अखेरीस एका दिशेला पुरेसे नर सरकले, की सारा जमाव उठतो आणि त्याच दिशेने चालू लागतो. ज्या दिशेला जमाव निघतो, त्या दिशेच्या पाणवठ्यावर दुपारी सर्वांची गाठ पडते. वाटेत गट फुटतात, एकमेकांना दिसेनासे होतात. तरीही दुपारी ते नेमके एकाच ठिकाणी येतात.

याला गावच्या चावडीवरील सभा म्हणावे काय? माणसांच्या सभेत बोलणे असते आणि बहुधा भांडणेही असतात; बबुनांचे सारे काम उठण्याबसण्याने आणि मान वळवून पाहण्याने होते. परंतु कोणता पाणवठा कोणत्या दिशेला आहे, हे पाणी डोळ्यांसमोर नसताना ध्यानात ठेवल्याखेरीज हा व्यवहार होऊच शकत नाही, एवढे मात्र खरे. या कामी वृद्ध नरांना तरुण नरांपेक्षा अधिक मान मिळतो. एखादा म्हातारा नर शरीराने खचलेला असला, तरी वाटचालीच्या बाबतीत इतर बबून त्याच्याकडे पाहतात, हे कुमरने मुद्दाम लिहून ठेवले आहे.

पाणवठ्यावर पोहोचले म्हणजे संपले, असेही नाही. जेथे तहानलेले जनावर येते, तेथे त्याला खाणारे जनावरही येते. मान खाली घालून पाणी पिणाऱ्याला मागचे दिसत नाही, आणि बिबळ्याला हे पक्के ठाऊक असते. चहूकडे पहारा देणारे पुष्कळ डोळे असणे अशा ठिकाणी फार उपयोगी पडते. दुपारच्या त्या एकत्र येण्याला हेही एक कारण असावे.

कधी कधी पाणी असते, पण ते शेवाळलेले आणि घाण झालेले असते. अशा वेळी हमाद्रियास बबून जवळच्या वाळूत हाताने खड्डा करतात आणि त्यात झिरपून येणारे पाणी पितात. आपल्याकडे उन्हाळ्यात नदी आटली, म्हणजे बायका पात्रात झिरा उकरतात. वाटीवाटीने पाणी काढून घागर भरतात. वाळूतून गाळून आलेले पाणी अधिक स्वच्छ असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. बबुनाचा खड्डा आणि आपल्या बायकांचा झिरा यांत तत्त्वतः काहीच अंतर नाही.

चिंपांझींनाही झिरा उकरता येतो. युगांडा देशातील सेमलिकी या कोरड्या मुलुखात ते नदीच्या वाळूत असे झिरे करतात. त्याच देशातील बुडोंगो हे मात्र दाट अरण्य आहे. तेथील वायबिरा नावाच्या भागातील चिंपांझींना झिऱ्याची विद्या ठाऊक नव्हती. चिंपांझींमध्ये मुली वयात आल्या की बहुधा आपला समूह सोडून दुसऱ्या समूहात जातात. २०१५ साली वायबिराच्या समूहात अशीच एक तरुण मादी बाहेरून आली. अभ्यासकांनी तिचे नाव ओन्योफी ठेवले. ती येताच कोरड्या दिवसांत सराईतपणे झिरे उकरू लागली. आधी लहान पोरे तिच्या भोवती जमून टक लावून पाहू लागली. हळूहळू काही पोरांनी आणि माद्यांनी स्वतः झिरे उकरण्यास प्रारंभ केला. मोठे नर मात्र उकरण्याच्या भानगडीत पडले नाहीत. दुसऱ्याने उकरलेल्या झिऱ्यावर पाणी पिण्यास त्यांची हरकत नव्हती. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ओन्योफी ही विद्या कोठे शिकली, याचा पुरावा नाही. पण झिरे उकरणाऱ्या एखाद्या समूहात ती लहानाची मोठी झाली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

चिंपांझींची दुसरी युक्ती अधिक प्रसिद्ध आहे. जेन गुडॉल ही इंग्रज तरुणी १९६० साली टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, गोम्बे येथे चिंपांझींचा अभ्यास करण्यासाठी गेली. झाडाच्या ढोलीत पावसाचे पाणी साचलेले असते, पण तिचे तोंड अरुंद असते. त्यात चिंपांझीचे डोके जात नाही. तेव्हा चिंपांझी मूठभर पाने तोडतो, ती चावून त्यांचा चोथा करतो, तो चोथा ढोलीत बुडवतो आणि पाणी शोषल्यावर तोंडात धरून पिळतो. नुसती बोटे बुडवून चाटण्यापेक्षा या बोळ्याने किती तरी अधिक पाणी मिळते. बुडोंगोतच २०११ साली एका नराने पानांऐवजी शेवाळाचा बोळा केला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या समूहातील आणखी काही जण तसे करताना दिसले.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात फोंगोली येथे चिंपांझींना याहून कडक उन्हाळा सोसावा लागतो. तेथे वर्षातील सुमारे सात महिने कोरडे जातात आणि उष्णता चाळीस अंशांच्या वर चढते. जिल प्रूट्झ या संशोधिकेने २००१ पासून तेथे अभ्यास चालविला. फोंगोलीचे चिंपांझी दुपारी लहान गुहांच्या गारव्यात जाऊन बसतात, चांदण्या रात्री उठून हिंडतात, आणि पहिल्या पावसाने डबकी भरली की त्यांत अंग बुडवून बसतात. चिंपांझी सहसा पाण्यात उतरत नाहीत, त्यामुळे पाहणाऱ्यांना त्याचे फार आश्चर्य वाटले.

मादागास्करच्या एका लहान लेमूरने तर साराच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. पावसाळ्यात तो भरपूर खाऊन आपल्या शेपटीत चरबी साठवितो. कोरडे दिवस आले, की झाडाच्या ढोलीत शिरून सुमारे सात महिने निजतो. त्या काळात तो खात नाही, पीत नाही. शेपटीतील चरबी हळूहळू जळत राहते आणि ती जळताना शरीरात थोडे पाणीही तयार होते. उष्ण प्रदेशातील नरवानर गणातला प्राणीही असा दीर्घकाळ निजतो, हे २००४ साली जगाला कळले.

क्वीसेबच्या बबुनांना असे निजता येत नाही. त्यांना वाट पाहावी लागते. पूर्वेच्या पठारावर मेघ जमतात, पण ते इतके दूर असतात की नदीच्या खालच्या भागात ना ढग दिसतात, ना पावसाचा गारवा जाणवतो. मग एखाद्या दिवशी, आकाश निरभ्र असतानाच, कोरड्या पात्रातून पाण्याची एक मातकट जीभ पुढे सरकत येते. तिच्या तोंडाशी काटक्या, पाने आणि फेस असतो. मागून पाणी वाढत जाते. टोळी काठावर येते. मोठे नर आधी दोन्ही बाजूंना पाहतात, मग सारे जण ओळीने खाली वाकतात. पुढे काही दिवस नदी वाहते. नंतर तिची डबकी होतात आणि एकेक करून तीही आटतात. वाळू पुन्हा पांढरी पडते. परंतु तिच्याखाली नवे पाणी मुरलेले असते, आणि काठच्या रानअंजिराची मुळे तेथवर पोहोचलेली असतात.